त्यांनी ऐकलं

कौतुनाकडे सायकल होती, ती गेली. शिवणाचं मशीन होतं, ते गेलं. होडीला लावायचं इंजिन तर नवीन कोरं असतानाच गेलं. यातलं काही चोरीला गेलं नव्हतं आणि काही त्याने विकलंही नव्हतं. लोकांनी मागितलं, त्याने दिलं.

आमच्या बेटांवर मागायची एक रीत आहे. माणूस येतो, चटईवर बसतो, माशांचं बोलतो, वाऱ्याचं बोलतो आणि मग मान खाली घालून म्हणतो, "मी बुबुती घेऊन आलोय." झालं. बुबुती म्हणजे तोंडासमोर बसून केलेलं मागणं, आणि त्याला नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं तर मागणाऱ्याची नव्हे, न देणाऱ्याची अब्रू जाते, आणि एकदा गेलेली अब्रू आमच्या एवढ्याशा बेटावर लपवायची कुठे? म्हणून लोक मागतानाही दहादा विचार करतात. आज मी तुझी होडी नेली, तर उद्या माझं डुक्कर न्यायला तू मोकळा असतोस.

सगळेच काही एवढे सरळ नसतात. नवी वस्तू आली की लोक ती चटईखाली सारतात, तंबाखू दोन ठिकाणी ठेवतात, एक दाखवायची आणि एक ओढायची. कौतुनाला यातलं काही साधलं नाही. त्याच्या बायकोचं, तेअरिनाचं, मशीन शेजारणीने मागून नेलं तेव्हा तेअरिनाने त्याच्याशी अबोला धरला. मग कपडे शिवायला तिला त्याच शेजारणीकडे जावं लागायचं, आणि तिथल्या गप्पांत राग कधी विरघळला ते तिलाच कळलं नाही.

"बरं झालं आपल्या घरांना भिंती नसतात," रुआतेकी त्याला म्हणायचा. "नाहीतर लोकांनी तुझ्या भिंतीसुद्धा मागून नेल्या असत्या."

रुआतेकी हा त्याचा लहानपणापासूनचा सोबती. दोघे सकाळ-संध्याकाळ शेजारशेजारच्या माडांवर चढून माडी काढायचे. माडी काढताना वर बसून गायची आमच्याकडे पद्धत आहे. कौतुनाचा आवाज इतका बेसूर होता की खाली कोंबड्या पांगायच्या, पण तो मनापासून गायचा. देणाऱ्या माणसाला गाव हसतं आणि मानतंही, तसं त्याचं चाललं होतं.

गंमत अशी, की या माणसाने स्वतः मात्र उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. तेअरिना आजारी पडली, तिला मोठ्या दवाखान्याच्या बेटावर न्यायचं होतं. इंजिन पलीकडच्याच घरात होतं, त्याचं स्वतःचंच. पण दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे तीही बुबुतीच. तो तिला शिडाच्या होडीतून घेऊन गेला. वारा पडला होता. ती तिथे पोहोचली, थोडे दिवस काढले आणि गेली. इंजिन असतं तर वाचली असती का, हे कुणीच सांगू शकत नाही. पण गावाने पुढे कितीतरी दिवस त्या इंजिनाकडे बघायचं टाळलं, आणि ज्याने ते नेलं होतं त्याने ते वापरायचंच सोडलं.

तिच्यामागे त्याला मुलगी होती, तेरेसिया, आणि खड्डा होता.

खड्डा म्हणजे बाबाईचा. वाळूत खोल खणत गेलं की खाली गोडं पाणी लागतं, पावसाचंच, वाळूने धरून ठेवलेलं. त्या पाण्यात बाबाई लावायची. पानं अळूची, पण माणसाला छत्रीसारखी पुरतील एवढाली, आणि कंद पोसायला वर्षंच्या वर्षं लागतात. कौतुनाचा खड्डा त्याच्या पणजाने शिंपल्यांनी खणला होता. कुठली पानं कुजवून कंदाभोवती घालायची, कधी घालायची, हे घरातल्या घरात सांगतात. दुसऱ्याच्या खड्ड्याशी रेंगाळणं हे आमच्याकडे दुसऱ्याच्या न्हाणीशी रेंगाळण्यासारखं. त्या खड्ड्यात एक मोठा कंद होता. तेरेसियाच्या जन्माच्या वेळी तेअरिनाने तो लावला होता, पोरीच्या लग्नात काढायचा म्हणून. पोरीने तरावाला, म्हणजे राजधानीच्या बेटावर जाऊन परस्पर लग्न उरकलं. कंद जमिनीतच राहिला आणि वाढत राहिला. तेवढी एकच गोष्ट कुणी मागितली नाही.

मग खारं पाणी आलं.

आधी ते विहिरीत आलं. चहा मचूळ लागायला लागला. माशाच्या कालवणात मीठ घालायचं बायकांनी सोडलं आणि त्यावर विनोद झाले. मग उधाणाचं पाणी बाहेरच्या समुद्राकडून वाळू ओलांडून थेट खड्ड्यांत उतरलं. त्या बाजूच्या सगळ्या खड्ड्यांतली पानं पिवळी पडली. कौतुना करवंटीने पाणी उपसायचा, पावसाचं साठवलेलं गोडं पाणी कंदाच्या मुळाशी ओतायचा, आणि पुढच्या उधाणाला ते सगळं वाया जायचं. तरी त्याचा खड्डा कसाबसा तग धरून होता.

राजधानीतून साहेब आला. त्याने सभाघरात बसून समजावलं, की दूरच्या श्रीमंत देशांत गाड्या आहेत, कारखाने आहेत, विमानं आहेत, त्यांच्या धुराने सगळी पृथ्वी तापते आणि समुद्र चढतो. म्हाताऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आमच्या गावात धूर म्हणजे करवंट्यांचा. गाडी एकच, चर्चची, ती ढकलल्याशिवाय चालत नाही आणि ढकलली तरी चालेल असं नाही.

"म्हणजे धूर त्यांचा आणि पाणी आमच्या खड्ड्यात?" रुआतेकीने विचारलं.

"तसंच म्हणा."

"मग त्यांना कुणी सांगितलं नाही?"

साहेब म्हणाला, सांगतात, दर वर्षी सांगतात. सगळे देश एका ठिकाणी जमतात आणि बोलतात. यंदा उत्तरेकडच्या एका थंड शहरात जमणार आहेत. तिथे न्यायला त्यांना एक साधा माणूस हवा होता, पुढारी नको, साहेब नको, ज्याच्या खड्ड्यात पाणी शिरलंय असा.

इथे आमच्या म्हाताऱ्यांनी डोकं चालवलं, आणि ते आमच्याच रीतीने चालवलं. ते म्हणाले, बोलणारे पुष्कळ गेले, त्यांनी भाषणं केली असतील. पण समोर बसून बुबुती कुणी घातली का? आणि घालायचीच तर ती कुणी घालावी? ज्याने सगळ्यांना दिलं आणि ज्याने कधीच काही मागितलं नाही, त्याने. अशा माणसाला नाही म्हणायची हिंमत जगात कुणाची होईल?

सगळे कौतुनाकडे वळले. तो चटईची कड उसवत होता.

"मला जमायचं नाही," तो म्हणाला. "मला मागता येत नाही."

"म्हणूनच," सर्वांत थोर म्हातारा म्हणाला. "ही आमची तुझ्याकडे बुबुती आहे." आता कौतुनाला पळवाट राहिली नाही.

पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. त्याने तेअरिनाचा तो कंद काढला. चार माणसांनी ओढला तेव्हा कुठे वर आला. त्याचे कोंब त्याने पुन्हा खड्ड्यात लावले आणि कंद केवड्याच्या नव्या चटईत गुंडाळून, काखेत लेकरू धरावं तसा धरून तो विमानात बसला. बरोबर मिरियामा होती, सरकारी कचेरीतली मुलगी, तिकडची भाषा येणारी.

त्या थंड शहराच्या विमानतळावर गणवेशातल्या एका माणसाने चटई सोडायला लावली आणि कंदाकडे बोट केलं. मिरियामा काही बोलायच्या आत कौतुनाने तो दोन्ही हातांनी उचलून त्याच्या हातात दिला आणि हसला. त्याच्या लेखी त्या माणसाने मागितलं होतं.

"घरातल्यांना नीट उकडून घाला म्हणावं," तो मिरियामाला म्हणाला. "कच्चा राहिला तर घसा खाजतो."

माती लागलेलं काही त्या देशात नेता येत नाही आणि कंद कोपऱ्यातल्या निळ्या पिंपात गेला, हे मिरियामाने पाहिलं. कौतुना तेव्हा चटईची घडी घालत होता. तिने त्याला सांगितलं नाही. तिच्या जागी आपणही सांगितलं नसतं.

सभेची जागा एवढी मोठी, की आमचं गाव खाडीसकट आत मावलं असतं. एका माणसाने त्याच्या टोपीला छान म्हटलं, त्याने टोपी देऊन टाकली. एका बाईने त्याच्या गळ्यातली शिंपल्यांची माळ हातात घेऊन पाहिली, त्याने माळ काढून तिच्या गळ्यात घातली. दुपारपर्यंत त्याच्या अंगावर उसना कोट तेवढा राहिला.

मग त्याची वेळ आली. बसायला चटई नव्हती, उभं राहून बोलायचं होतं, तेवढंच त्याला खटकलं. त्याने मान खाली घातली.

"मी कौतुना. मी आजपर्यंत कुणाकडे काही मागितलं नाही. मागायची मला लाज वाटते, पण गावाने पाठवलंय. तुमच्याकडे गाड्या आहेत, कारखाने आहेत. तुमचं तुम्हाला लाभो. पण धूर तुमच्या घरचा आणि पाणी आमच्या घरात, हे बरं दिसत नाही. तो धूर आवरा. आणि आवरेपर्यंत आमच्या समुद्राच्या बाजूला एक बांध घालून द्या. आम्ही घातला असता, पण आमच्याकडे दगड नाही, नुसती वाळू आहे. ही माझी बुबुती."

मिरियामाने ते तिकडच्या भाषेत सांगितलं. बुबुती म्हणजे काय तेही सांगितलं.

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. कौतुना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता, कुणी नाही म्हणतंय का, कुणी मान फिरवतंय का. एकानेही फिरवली नाही. एका मोठ्या देशाची मंत्रीणबाई खाली आली, तिने त्याचे दोन्ही हात हातात घेतले, तिचे डोळे भरले होते. ती काहीतरी म्हणाली.

"त्या म्हणतात, आम्ही तुमचं ऐकलं," मिरियामाने सांगितलं.

आमच्या भाषेत ऐकणं एकच असतं. पोर आईचं ऐकतं म्हणजे सांगितलेलं करतं. नुसतं कानावर पडलं आणि केलं नाही, तर त्याला आम्ही ऐकलं म्हणत नाही, त्याला ऐकलं नाही असंच म्हणतो. कौतुनाला तिथेच खुर्चीत बसून रडू आलं. आपल्याला मागता येत नाही असं त्याला जन्मभर वाटत आलं होतं.

परतताना विमानात त्याने विचारलं, "दगड कुठल्या बोटीने येतील गं?"

"आजोबा, वेळ लागेल त्याला."

"लागू दे. दगड जड असतात."

मिरियामा खिडकीबाहेर बघत राहिली. ऐकण्या-ऐकण्यातला फरक त्याला सांगायचं तिच्या मनात बरेचदा आलं. पण म्हातारा इतका खूश होता, आणि कोण जाणे, कदाचित करतीलही, असं तिने स्वतःला समजावलं.

गावात आमच्या रीतीने त्याच्या मानेवर पावडर टाकली, अत्तर शिंपडलं, गळ्यात फुलांचे हार घातले. सभाघरात एकेकाने खोदून खोदून विचारलं.

"नाही म्हणालं का कुणी?"

"एकही नाही."

"बसून राहिलं का कुणी?"

"सगळे उभे राहिले. बाई रडली."

"आणि म्हणाली काय?"

"ऐकलं म्हणाली."

रुआतेकीने त्याच्या पाठीत थाप मारली. "सगळ्या गावाला जन्मभर दिलंस ते आज वसूल केलंस बघ!"

त्यानंतर जी जी बोट आली, तिला कौतुना कमरेएवढ्या पाण्यात सामोरा गेला. तांदूळ उतरला, पीठ उतरलं, साखर, तंबाखू, कधी पाद्री उतरला. रुआतेकी काठावरून ओरडायचा, "बघ रे, पिठाच्या पोत्यात असतील दगड!" पहिल्यांदा सगळे हसले. पुढे पुढे रुआतेकीनेच ओरडायचं बंद केलं.

अशात वरच्या गावाचा निरोप आला. वरचं गाव बेटाच्या रुंद भागात आहे, तिथे आमच्या लेकी दिलेल्या आहेत. त्यांच्याकडे खाडीच्या बाजूला एक चांगला पट्टा रिकामा होता, त्याखाली गोडं पाणी होतं. ते म्हणाले, तुमचं गाव उठून इथे आलं तर हा पट्टा तुमचा. पण लवकर सांगा, पाद्रीबाबा तीच जागा शाळेला मागतायत, आणि त्यांनी एकदा बुबुती घातली की आमचे हात बांधले जातील.

जायचं की नाही, यावर सभाघरात बोलणं झालं. घर सोडायला कुणाला आवडतं? वाडवडिलांची थडगी इथेच होती. आणि बांध येणारच असेल तर जायचं कशाला? शेवटी सगळी तोंडं कौतुनाकडे वळली.

"तू सांग," थोर म्हातारा म्हणाला. "नक्की ऐकलं ना त्यांनी?"

विमानात खिडकीबाहेर बघणारी मिरियामा कौतुनाला आठवली. पण ती बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाली होती. तिच्यावर शंका घ्यायची म्हणजे एवढ्या मोठ्या सभेतल्या सगळ्यांना एकदम खोटं ठरवायचं, आणि कुणाला असं खोटं ठरवायला तो शिकलाच नव्हता.

"ऐकलं," तो म्हणाला.

आम्ही वरच्या गावाला आभार कळवले. तिथे शाळेचे खांब उभे राहिले.

उधाण आणि पश्चिमेचा वारा एकाच सकाळी आले. पाणी बाहेरच्या समुद्राकडून शिरलं आणि गाव ओलांडून दुसऱ्या बाजूने खाडीत पडलं, मध्ये आम्ही आहोत याची त्याला शुद्धच नव्हती. माणसं माडांना बांधून घेऊन वाचली. डुकरं गेली, विहीर गेली, चर्चची ती गाडी एकदाची जागची हलली आणि खाडीत जाऊन पडली. तेअरिनाच्या थडग्यावरचे पांढरे शिंपले सगळ्या गावभर पसरले होते. कौतुना ते वेचत फिरत होता. खड्डा काठोकाठ भरला होता आणि त्यात मासे होते.

कुणी त्याला एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

पाणी ओसरल्यावर पाना-पत्र्याच्या आडोशाखाली आम्ही दिवस काढत होतो आणि कोण कुठल्या नातेवाइकाकडे जाणार याची बोलणी चालली होती. तेव्हा एक पांढरी बोट आली. तिच्यातून मिरियामा उतरली, कॅमेरे घेतलेली माणसं उतरली, आणि तीच मंत्रीणबाई उतरली. बाई वाईट नव्हती, तेच तर कठीण. चिखलातून अनवाणी चालत आली, कौतुनाला तिने नावाने हाक मारली आणि मिठी मारली. पडलेली घरं पाहून तिने तोंडावर हात ठेवला. ते सोंग नव्हतं.

चटई अंथरली. ती रीतीने खाली बसली, माशांचं विचारलं, वाऱ्याचं विचारलं. कुणीतरी तिला शिकवलं असावं. मग तिने मान खाली घातली आणि आमच्या भाषेत, अगदी शुद्ध, म्हणाली, "मी बुबुती घेऊन आलेय."

सगळं गाव गोळा झालं होतं. पुढचं मिरियामाने सांगितलं, पायाच्या अंगठ्याकडे बघत सांगितलं. "त्या म्हणतात, आजोबांनी खड्ड्यात उतरावं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून कुजलेला कंद वर धरावा. त्यांच्या देशातले लोक ते पाहतील, तेव्हा त्यांना समजेल."

कौतुनाने विचारलं, "त्यांना विचार, दगडांचं काय झालं?"

बाई बराच वेळ बोलली. मिरियामाने त्याचं थोडक्यात केलं. "बोलणी चालू आहेत म्हणतात. पुष्कळ देश आहेत, सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं. त्यांच्याकडे सध्या महागाई आहे. पण तुमचं ऐकलंय, विसरलेल्या नाहीत."

"उतर ना बाबा," मागून रुआतेकी हळूच म्हणाला. "पाहुणी आहे. काय जातंय तुझं?"

जात काहीच नव्हतं, जायचं ते गेलंच होतं. पण त्या खड्ड्यात पणजाचे हात होते, तेअरिनाचे होते. तिथे परक्यांनी डोकावून पाहायचं, आणि पाहून परत एकदा टाळ्या वाजवायच्या. कौतुना उभा राहिला. तो खड्ड्याकडे जाणार म्हणून लोकांनी वाट सोडली, कॅमेरेवाले पुढे पळाले.

तो जागचा हलला नाही. त्याने दोन्ही हात वर केले आणि टाळ्या वाजवायला लागला. सावकाश, एकटाच, बाईच्या तोंडाकडे बघत. कुणाला काही कळेना. बराच वेळ वाजवल्यावर तो वाकला, बाईचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. त्याचे डोळे भरले होते, आणि तेही सोंग नव्हतं.

"सांग त्यांना," तो मिरियामाला म्हणाला. "म्हणावं, तुमचं ऐकलं मी."

आणि आडोशाखाली जाऊन पाठ फिरवून बसला.

त्याने सांगितलं तसंच मिरियामाने सांगितलं. बाईला फार आनंद झाला. कॅमेरेवाल्यांनी खड्ड्याच्या काठावर तिवया लावल्या आणि सगळे त्याची वाट बघत उन्हात उभे राहिले. म्हातारा कपडे बदलत असेल, प्रार्थना करत असेल, असं त्यांना वाटलं असावं. भरती सुरू झाली, खड्ड्यातलं पाणी चढायला लागलं, आणि बोटवाल्याने घाई केली तेव्हा कुठे त्या तिवया मिटल्या. जाताना बाईने वळून वळून पाहिलं. तिला शेवटपर्यंत कळलं नसेल, किंवा कळलंही असेल.

गावाला मात्र लगेच कळलं होतं. आमच्या गावात बुबुती कुणी नाकारल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. आणि नाकारली कुणी, तर कौतुनाने.

"पाहुणीला नाही म्हणालास?" रुआतेकी त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"नाही कुठे म्हणालो? ऐकलं म्हणालो."

या बोलण्यावर एरवी अख्खं गाव पोट धरून हसलं असतं. कुणी हसलं नाही. थोर म्हाताऱ्याने दुसरीकडे मान फिरवली. त्याला कौतुनाचा राग आला होता की लाज वाटली होती, ते तोच जाणे.

मग गाव पांगलं. कौतुना तरावाला तेरेसियाकडे गेला. तिथे घराला लागून घर, पत्र्याला लागून पत्रा, समुद्राच्या काठाला तांदळाच्या पोत्यांत वाळू भरून रचलेली. तिथे माड दुसऱ्यांचे, त्यामुळे चढायचं नाही आणि गायचंही नाही. तो दिवसभर दारातल्या फळीवर बसायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे आशेने बघायचा. आमचीच माणसं आजूबाजूला राहायला आली होती. ती दिसली की थांबायची, माशांचं बोलायची, वाऱ्याचं बोलायची, आणि निघून जायची. चटईवर बसून मान कुणी खाली घातली नाही. काही दुष्टाव्याने नव्हे. एकदा त्याने नाकारलं होतं. पुन्हा नाकारलं तर त्याचीच उरलीसुरली अब्रू जायची, ती जाऊ नये म्हणून लोक जपत होते.

"बाबा, आत तरी या," तेरेसिया म्हणायची. "उन्हात काय बसता? कुणाची वाट बघताय?"

"कुणाची नाही," तो म्हणायचा आणि तिथेच बसायचा.

एका दुपारी तो उठला. शेजारच्या आळीत रुआतेकी पुतण्याच्या घरी राहत होता. कौतुना जाऊन त्याच्या चटईवर बसला. माशांचं बोलला. इथले मासे चांगले नाहीत म्हणाला. वाऱ्याचं बोलला. मग त्याने मान खाली घातली.

"मी बुबुती घेऊन आलोय."

रुआतेकी सावरून बसला. इतक्या वर्षांत त्याने कौतुनाच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. "सांग."

"माझ्याकडे काहीतरी माग."

रुआतेकीला आधी वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मग त्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. बुबुती होती, नाही म्हणता येत नव्हतं. काय मागावं म्हणून तो विचार करायला लागला. होडी नव्हती. डुक्कर नव्हतं. खड्डा नव्हता, माड नव्हता, माडी काढायची सुरीही त्याने निघताना कुणालातरी देऊन टाकली होती. अंगावरचा सदरा जावयाचा होता. रुआतेकी शोधत राहिला आणि कौतुना मान खाली घालून थांबला.

"तंबाखू आहे का?" शेवटी रुआतेकीने विचारलं. "एक विडी होईल एवढी?"

कौतुनाचा चेहरा उजळला. त्याने कमरेची गाठ सोडली, चाचपली. सदऱ्याचा खिसा पाहिला. मग परत गाठ पाहिली.

"राहू दे," रुआतेकी म्हणाला. "उद्या दे."